फौजेतून बाहेर पडल्यावर मशीन शॉपमध्ये सुरुवात: आधी काय शिकावं, कुठल्या कामाला लागावं?

टॉर्कपाना

सेवा संपायला आठ महिने उरलेत. काम अवजड गाड्यांच्या देखभालीचं: इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक. टॉर्क पाना, फीलर गेज, डायल गेज रोज हातात असतात. व्हर्नियर वाचता येतो, मायक्रोमीटर अडखळत वाचतो. लेथवर एकही जॉब, म्हणजे कापून घडवायचा तुकडा, लावलेला नाही.

बाहेर पडून मशीनिंगमध्ये शिरायचं ठरवलंय. तीन प्रश्न आहेत.

१) सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणारी मशीन) प्रोग्रामिंगचा कोर्स आधी करावा, की सरळ ऑपरेटर म्हणून लागावं?
२) मुलाखतीला किंवा ट्रायलला नेमकं काय करायला लावतात?
३) नवीन माणूस पहिल्या महिन्यात कुठे चुकतो?

पायदळातले दोन मित्रही याच वाटेवर आहेत. त्यांच्या कामात यंत्राचा संबंध जवळजवळ नाही. त्यांच्यासाठी काही वेगळं असेल तर तेही सांगा. 'मेहनत करा, जमेल' हे माहीत आहे, आकड्यांत बोललात तर उपकार होतील.

झिरोसेट

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

ट्रायलला बहुतेक ठिकाणी मशीनवर उभंच करत नाहीत. टेबलावर एक पायऱ्यांचा शाफ्ट, त्याचं ड्रॉइंग, व्हर्नियर, ०–२५ मिलिमीटरचा मायक्रोमीटर आणि कोरा कागद ठेवतात. 'मोजा आणि लिहा' एवढंच सांगतात. त्या शाफ्टवर एखादं माप मुद्दाम मर्यादेबाहेर असतं. समोरचा बघत असतो तो तुमचा हात, आकडा नंतर. मोजण्याआधी जॉब आणि मायक्रोमीटरच्या टोकाच्या पृष्ठभागांवरून कापड फिरवलंत का, दोन्ही टोकं मिटवून शून्य तपासलंत का, रॅचेट (ठराविक दाबाला घसरणारी टोकाची मूठ) वापरलीत का थिंबल (आकडे असलेलं फिरतं नळकांडं) धरून आवळलीत, एकच माप ९० अंशांत फिरवून दोनदा घेतलंत का. गाडीच्या कामातून आलेला माणूस हमखास आवळतो. बोटांना 'घट्ट बसलं' ही भावना बोल्टमुळे लागलेली असते. मायक्रोमीटरला ती चालत नाही. आवळून ०.०१ ते ०.०२ सहज कमी वाचतो.

वाचनातली एक खोड आधीच मोडून टाका. साध्या मायक्रोमीटरची थिंबल एका फेऱ्यात स्थिर स्लीव्हवरून अर्धा मिलिमीटर सरकते आणि थिंबलवर ५० भाग असतात, म्हणजे एक भाग ०.०१. स्लीव्हवर १२ ची रेघ दिसते, तिच्यापुढची अर्ध्याची रेघही दिसते, थिंबल ३७ वर आहे, तर माप १२.८७. अर्ध्याची रेघ नजरेतून सुटली की तुम्ही लिहिता १२.३७. ही चूक ढोबळ, व्हर्नियर लावला की पकडली जाते. याची उलटी बाजू जास्त फसवी. थिंबल ४८-४९ वर असते तेव्हा पुढची अर्ध्याची रेघ कडेखालून डोकावायला लागते, पण अजून ओलांडलेली नसते. खरं माप १२.४८ आणि कागदावर जातं १२.९८. थिंबलचा आकडा ४५ च्या वर असला की 'रेघ खरंच पार झाली का' हे स्वतःला विचारायचं, आणि आधी व्हर्नियरने ढोबळ माप घेऊन मगच मायक्रोमीटर लावायचा. रोज वीस-पंचवीस वेगवेगळ्या पिना मोजा. ड्रिलच्या शँक, जुने बेअरिंग रोलर, काहीही चालेल. पंधरा दिवसांत हात बसतो.

कुठल्या मापाला कुठलं साधन हेही विचारतात. सर्वसाधारण नियम असा की साधनाचं लघुतम माप, म्हणजे त्यावर वाचता येणारा सगळ्यात छोटा भाग, टॉलरन्सच्या (मापात चालणाऱ्या एकूण फरकाच्या) दहाव्या हिश्शाएवढं असावं. ±०.१ म्हणजे एकूण ०.२, तिथे ०.०२ चा व्हर्नियर पुरतो. पण ड्रॉइंगवर व्यास २० एच-६ लहान अक्षरात लिहिलं असेल तर मर्यादा १९.९८७ ते २०.०००. पट्टा अवघा ०.०१३. तिथे व्हर्नियर लावून 'ओके' म्हणालात तर ट्रायल तिथेच संपली. हजारावा भाग दाखवणारा मायक्रोमीटर मागायचा. मागितलात म्हणजे कमी पडलात असं नाही, त्यांना तेच बघायचं असतं. एच मोठ्या अक्षरात असेल तर तो भोकाचा आकडा: २० एच-७ म्हणजे २०.००० ते २०.०२१.

ड्रॉइंग हातात आलं की आधी खालचा कोपरा वाचा. मापं मिलिमीटरमध्ये की इंचात, न लिहिलेल्या मापांना कुठला टॉलरन्स, कडा किती मोडायच्या, आणि प्रक्षेपणाचं चिन्ह. ते कापलेल्या शंकूचं छोटं चित्र. पहिल्या आणि तिसऱ्या कोनाच्या पद्धतीत बाजूचं दृश्य उलट बाजूला मांडतात. ते चिन्ह न बघता भोक भलत्या बाजूला पाडलेले जॉब भंगारात कायम असतात.

तुम्हाला स्वतःला एक सांगतो. क्रँकशाफ्टच्या जर्नलचा टेपर आणि अंडाकृतीपणा मोजता येत असेल, क्राउन-पिनियनचा बॅकलॅश डायलने लावता येत असेल, तर बायोडेटात 'वाहन देखभाल' एवढंच लिहू नका. ही कामं नावानिशी लिहा, सोबत साधन आणि लघुतम माप लिहा. सेवेतल्या कोर्सची सांकेतिक नावं आणि युनिटची संक्षिप्त रूपं काढून टाका, वाचणाऱ्याला त्यातलं काही कळत नाही.

सॉफ्टजॉ

कोर्सबद्दल माझं मत सरळ आहे. नुसता प्रोग्रामिंगचा कोर्स करून आलेला माणूस जी-कोड (मशीनच्या आज्ञा) धडाधड म्हणतो आणि जॉब चकमध्ये, म्हणजे तो धरणाऱ्या जबड्यांत, तिरका धरतो. प्रोग्राम बहुतेक ठिकाणी तयारच असतो. तुमच्याकडून अपेक्षा असते ती जॉब नीट धरण्याची, इन्सर्ट (टूलचा बदलता येणारा कापणारा तुकडा) बदलण्याची आणि ऑफसेट (टूलच्या जागेची आकड्याने दुरुस्ती) देण्याची. आठ महिन्यांत वेळ असेल तर साध्या लेथवर आणि मिलिंगवर हात बसवणारा कोर्स शोधा, त्यात सीएनसी ओझरतं आलं तरी पुरे. हाताने फीड देताना टूल कधी घासतंय आणि कधी कापतंय हे मनगटाला कळतं. ते स्क्रीनसमोर कळत नाही.

कोर्स मिळालाच नाही तर ऑपरेटर म्हणून लागा, पण जागा बघून. त्यावर शेवटी लिहितो.

आता तिसरा प्रश्न, कुठे चुकतात. सगळ्यात महाग चूक ऑफसेटची. नीट वाचा.

लेथवर बाहेरचा व्यास ४०.०० ±०.०२ पाहिजे. जॉब मोजला, आला ४०.०६. म्हणजे एक्सच्या (व्यासाच्या दिशेच्या) वेअर ऑफसेटमध्ये, झिजेच्या दुरुस्तीच्या रकान्यात, उणे ०.०६ द्यायचं. बहुतेक लेथ व्यासाच्या हिशोबाने चालतात, निम्मं करायचं नाही. निम्मं केलंत तर जॉब ४०.०३, म्हणजे अजून बाहेरच. चिन्ह चुकलं तर ४०.१२. इथवर सगळे सांगतात. खरी गंमत पुढे आहे. वेअरच्या रकान्यात आधीच उणे ०.१२ असतं. बऱ्याच कंट्रोलवर दोन वेगळी बटणं असतात: एक आहे त्या आकड्याच्या जागी नवा आकडा लिहितं, दुसरं त्यात मिळवतं. तुम्ही उणे ०.०६ टाइप केलं आणि पहिलं बटण दाबलं. रकान्यात उणे ०.१८ यायला हवं होतं, तिथे उणे ०.०६ आलं. टूल जॉबकडे जायच्या ऐवजी मागे सरकलं आणि पुढचा जॉब ४०.१२ ला निघाला. बाहेरच्या व्यासावर निदान मटेरियल शिल्लक असतं, परत कापता येतं. दुसऱ्या वेळी असाच गोंधळ कापण्याच्या दिशेने झाला की जॉब थेट लाल पेटीत, म्हणजे भंगारात.

म्हणून सवय लावा: आकडा टाकण्याआधी जुना आकडा वहीत लिहायचा, शेजारी हवा असलेला नवा लिहायचा, बटण दाबल्यावर स्क्रीनवर तोच आला का बघायचं. दहा सेकंदांचं काम आहे. भोकाच्या आतल्या व्यासाला चिन्ह उलटं होतं. भोक लहान आलं तर ऑफसेट अधिक.

दशांश चिन्ह ही दुसरी खोड. काही कंट्रोलवर 'एक्स १०' असं बिंदूशिवाय लिहिलं तर मशीन ते १० मायक्रॉन समजतं, १० मिलिमीटर नाही. कुठल्याही आकड्यानंतर बिंदू टाकायची सवय ठेवा, पूर्णांक असला तरी.

नवीन सेटअप किंवा बदललेलं टूल असेल तर पहिला जॉब असा चालवायचा: सिंगल ब्लॉक (एका वेळी प्रोग्रामची एकच ओळ) चालू, रॅपिड (न कापता धावण्याचा वेग) २५ टक्क्यांवर किंवा त्याखाली, एक हात फीड होल्डवर (चाल थांबवण्याच्या बटणावर). टूल जॉबजवळ आलं की थांबवा आणि स्क्रीनवर 'अजून किती अंतर जायचंय' तो आकडा वाचा. डोळ्यांना टूल जॉबपासून १० मिलिमीटरवर दिसतंय आणि स्क्रीन म्हणते ६० जायचंय, तर काहीतरी चुकलंय. स्टार्ट दाबू नका, सेटरला (मशीन लावून देणाऱ्याला) बोलवा. बहुतेक धडका या एका आकड्याकडे न बघितल्याने होतात.

फेसिंग, म्हणजे जॉबचं टोक सपाट कापताना, आणखी एक लक्षात ठेवा. कटिंग स्पीड कायम ठेवणाऱ्या जी-९६ मध्ये टूल केंद्राकडे जातं तसे फेरे वाढत जातात. कमाल फेऱ्यांची मर्यादा, बऱ्याच लेथवर जी-५० ने देतात ती, प्रोग्रामच्या सुरुवातीला नसेल तर स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) आपल्या कमाल फेऱ्यांपर्यंत पळतो. मोठा चक आणि वेडावाकडा जॉब असेल तर केंद्रोत्सारी बलाने जबड्यांची पकड सैल होते. जॉब सुटतो तो असा.

आणि जबडे. गाडीवाल्यांचा हात इथेही भारी पडतो. पातळ रिंग तीन जबड्यांत जास्त दाबाने धरली की ती तीन बाजूंनी आत दबते. तुम्ही आतून सुंदर गोल बोअर (आतलं भोक) काढता, जबडे सोडता, रिंग परत फुगते आणि बोअर तिकोनी होतो. वर कहर म्हणजे साध्या दोन टोकांच्या बोअर गेजने मोजलं तर कुठूनही जवळपास सारखाच व्यास दिसतो, तिकोनीपणा दिसतच नाही. जोडणीला बेअरिंग बसत नाही तेव्हा आरडाओरडा सुरू होतो. अशा रिंगला दाब कमी ठेवायचा आणि जबडे रिंगच्याच व्यासाला बोअर केलेले वापरायचे, म्हणजे पकड सगळीकडून लागते.

ग्रीनबटण

थोडक्यात, पण हे आधी वाचा.

फिरत्या मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत. फौजेत हातमोजे म्हणजे सुरक्षितता, इथे उलट. ड्रिलला किंवा चकला मोज्याचा धागा लागला की मोजा सुटत नाही, हात आत जातो. घड्याळ, अंगठी, गळ्यातली साखळी, लांब बाही, सगळं बाहेर. मोजे फक्त मशीन बंद असताना धारदार जॉब उचलायला. चिप्स हुकने किंवा ब्रशने काढायच्या. लेथवर लांब कुरळी चिप गुंडाळायला लागली तर आधी स्पिंडल थांबवा. चकची चावी चकमध्ये ठेवून हात काढायचा नाही, एक सेकंदही नाही. हवेच्या पाइपने अंगावरचे कपडे झटकायचे नाहीत.

मॅग्नेशियमच्या बारीक चिप्स पेटल्या तर पाणी मारू नका, आग भडकते. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीचं खास अग्निशामक शेजारी आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

कानांबद्दल. गोळीबाराजवळ वर्षं काढलेल्यांचे कान बहुधा ४ किलोहर्ट्झच्या आसपास कमजोर झालेले असतात. बोलणं ऐकू येतं, म्हणून माणसाला वाटतं ठीक आहे. टूलची किंकाळी मात्र वरच्या स्वरांत असते, आणि इन्सर्टची कड गेल्याचं पहिलं लक्षण तीच. कामाला लागण्याआधी श्रवण तपासणी करून तिचा कागद जवळ ठेवा. कान कमजोर निघाले तर लपवू नका, कानावर विसंबणं सोडा. स्क्रीनवर स्पिंडल लोड दिसतो. चांगल्या इन्सर्टला तो ३५ टक्के असेल आणि त्याच कटला ४५ दिसायला लागला, तर कड गेली. ८५ डेसिबलच्या वर आठ तास काढायचे असतील तर कानात प्लग हवाच. कडक मापदंड धरला तर दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो.

टॉर्कपाना

ही उत्तरं छापून ठेवतोय. अजून दोन शंका. तुमच्याकडे स्पीड-फीड (कापण्याचा वेग आणि टूलची चाल) तक्त्यात बघून लावतात की हिशोब करून? आणि पायदळातल्या मित्रांचं राहिलं. त्यांच्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही असं ते म्हणतात.

पिचगेज

तक्त्यात बघा, पण हिशोब यायलाच हवा, कारण तक्ता नेमका नको तेव्हा हरवतो. फेरे म्हणजे १००० गुणिले कटिंग स्पीड, भागिले ३.१४ गुणिले व्यास. स्पीड मीटर प्रति मिनिट, व्यास मिलिमीटरमध्ये. माइल्ड स्टीलमध्ये हायस्पीड स्टीलचं १० चं ड्रिल, स्पीड २५ धरला तर २५,००० भागिले ३१.४, म्हणजे साधारण ८०० फेरे. त्याच मटेरियलवर कार्बाइड इन्सर्टने ५० चा बार १८० ने वळवायचा, तर सुमारे ११५०. हे दोन हिशोब कॅल्क्युलेटरशिवाय अंदाजाने सांगता आले की ट्रायल घेणाऱ्याच्या भुवया वर जातात. ड्रिलसाठी व्यास म्हणजे ड्रिलचा, लेथवर जॉबचा. नवीन मंडळी इथे गोंधळतात.

टॅपिंगचाही, म्हणजे भोकात आटे पाडण्याचाही, हिशोब पाठ हवा: आधीच्या भोकाचं ड्रिल म्हणजे टॅपचा बाहेरचा व्यास वजा पिच (दोन आट्यांमधलं अंतर). एम-६ ला ५.०, एम-८ ला ६.८ (हिशोबाने ६.७५, पण ड्रिल ६.८ चं मिळतं), एम-१० ला ८.५. हे फक्त सर्वसाधारण पिचला लागू. एम-१० ची पिच १.२५ असेल तर ८.८ चं ड्रिल. टॅप मोडतो त्याची मोठी कारणं तीन: भोक लहान, टॅप तिरका, किंवा बंद भोकात चिप्स साठल्या. शेवटच्या कारणावर उपाय टॅपच्या आकारातच असतो. वळणदार खाचांचा टॅप चिप्स वर ओढून बाहेर काढतो, तो बंद भोकाला. टोकाशी तिरका घासलेला टॅप चिप्स पुढे ढकलतो, तो आरपार भोकाला. बंद भोकात दुसरा घातलात तर चिप्स तळाशी दाबल्या जातात आणि टॅप तिथेच राहतो. मोडलेला कार्बाइड टॅप काढायला अर्धा दिवस जातो, आणि तोवर सगळं शॉप तुम्हाला नावाने ओळखायला लागतं.

आता पायदळ. त्यांच्याकडे काही नाही हे मला पटत नाही. रायफल झिरो करताना एका गोळीवर साइट कोणी फिरवत नाही. तीन किंवा पाच गोळ्यांचा गट बघतात, गटाचा मध्य काढतात, मग साइट हलवतात. ऑफसेट देणं हीच गोष्ट आहे. नवा ऑपरेटर प्रत्येक जॉब मोजतो आणि प्रत्येक वेळी ऑफसेट देतो: हा ०.०१ मोठा, उणे ०.०१, पुढचा ०.०१ लहान, अधिक ०.०१. मशीनची स्वतःची नैसर्गिक थरथर असते, तिच्या मागे धावलं की जॉबमधला फरक वाढतो, कमी होत नाही. तीन-चार जॉब मोजा, सरकण कुठल्या दिशेला आहे ते बघा, मगच आकडा हलवा. इन्सर्ट झिजतो तसा बाहेरचा व्यास हळूहळू वाढत जातो आणि आतला कमी होत जातो. ती सरकण खरी, तिला ऑफसेट द्यायचा. हे तत्त्व फळ्यावर शिकवायला दोन तास लागतात. नेमबाजाला दोन मिनिटांत कळतं. मुलाखतीत हेच सांगा.

शस्त्रांच्या तपासणीतले गो आणि नो-गो गेज ज्यांनी हाताळलेत, त्यांना प्लग गेज वेगळा शिकवावा लागत नाही. गो बाजू आपल्या वजनाने किंवा हलक्या बोटाने जायला हवी, नो-गो शिरता कामा नये. जोर लावून घुसवला तर गेजही जातो आणि निर्णयही.

पण फौजेतली एक सवय इथे अडचणीची होते. हुकूम आला की पूर्ण करायचा. शॉपमध्ये सेटर म्हणाला 'चालू दे' आणि तुम्हाला माप बाहेर दिसतंय, तर मशीन थांबवणं हेच तुमचं काम. वाईट जॉब बाजूला काढा, खूण करा, कोणाला तरी सांगा. तो चांगल्यांत मिसळणं ही एकमेव चूक अशी, जिला सहसा दुसरी संधी मिळत नाही. बाकी सगळं माफ होतं.

त्या दोघांसाठी पहिली जागा म्हणून मी मशीनपेक्षा तपासणीचं टेबल किंवा बर (कापल्यावर कडेला राहणारे काटे) काढण्याचं टेबल सुचवेन. पैसे कमी असतील. पण तीन महिन्यांत शंभर प्रकारचे जॉब आणि त्यांची ड्रॉइंग डोळ्यांखालून जातात.

सॉफ्टजॉ

@पिचगेज, तपासणी ठीक आहे, पण बर काढायच्या टेबलावर माणूस तीन महिन्यांऐवजी तीन वर्षं बसतो. फाइल चांगली चालते म्हणून कोणी तिथून हलवतच नाही. माझं मत करवतीचं: बँडसॉ आणि पहिलं ऑपरेशन. मटेरियल ओळखणं, त्यावरचा हीट नंबर (धातूच्या कुठल्या वितळीचं ते सांगणारा क्रमांक) जपणं, कापलेली लांबी मोजणं, वाढीव मटेरियल किती ठेवायचं, हे सगळं तिथे शिकायला मिळतं, आणि शेजारीच पहिल्या सेटअपचा लेथ असतो.

मघाशी जागेबद्दल लिहितो म्हणालो होतो. मुलाखतीला तुम्हीही प्रश्न विचारा. 'एकाच जॉबवर मशीन किती दिवस चालतं?' महिनोन्महिने एकच जॉब असेल तर शिकणं संपलं. 'इन्सर्ट कोण बदलतं, ऑफसेट कोण देतं?' दोन्हीची उत्तरं 'सेटर' अशी आली तर तुम्ही फक्त दार उघडणार आणि हिरवं बटण दाबणार. 'शिफ्ट बदलताना पहिला जॉब कोण पास करतं?' उत्तर देताना समोरचा अडखळला तर समजा की चुकीचं खापर नव्या माणसावर फुटतं. जिथे दहा-वीस, शंभर-दोनशेचे छोटे लॉट चालतात, तिथे आठवड्याला दोन-चार सेटअप बघायला मिळतात. मोठ्या उत्पादनात पैसा आधी जास्त असतो, शिकणं कमी. नुसता ऑपरेटर ते सेटर हे अंतर छोट्या लॉटच्या शॉपमध्ये निम्म्या वेळात कापता येतं, हे माझं ठाम मत.

झिरोसेट

तापमान राहिलं, ते सांगून टाकतो, कारण सकाळच्या पहिल्या तासात नव्या माणसाला त्यानेच वेड लागतं.

मापं २० अंश सेल्सियसला धरलेली असतात. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं, ॲल्युमिनियम त्याच्या दुप्पट, सुमारे २३. कापून नुकताच काढलेला १०० लांबीचा ॲल्युमिनियमचा जॉब ४० अंशांवर असेल तर तो ०.०४६ ने लांब असतो. गरम असताना मर्यादेत, डब्यात थंड झाला की कमी. हाताला कोमट लागतोय तोवर अंतिम माप लिहू नका. कूलंटच्या धारेखाली किंवा पोलादी प्लेटवर ठेवून थंड करा.

मशीनही तसंच. थंड मशीनवर पहिले चार-पाच जॉब एका दिशेने सरकतात, मग स्थिरावतात. म्हणून स्पिंडल आधी दहा-पंधरा मिनिटं फिरवून घेतात. ते न करता ऑफसेट दिलात तर अर्ध्या तासाने तोच परत उलटा द्यावा लागतो.

ग्रीनबटण

कूलंटचंही (कापताना थंड ठेवणाऱ्या पाणी-तेलाच्या मिश्रणाचंही) सांगतो, नव्या माणसाकडे हे काम हमखास येतं. पाणी आधी, तेल नंतर ओतायचं. उलटं केलं तर दाट गोळे होतात, नीट मिसळत नाही. प्रमाण बहुतेक कामांना ५ ते १० टक्के. रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रमाण मोजायच्या साधनावर) जो आकडा दिसतो त्याला डब्यावरच्या गुणकाने गुणायचं, थेट टक्के समजायचे नाहीत. गुणक १.५ आणि आकडा ४ आला तर ६ टक्के. कमी झालं की गंज आणि इन्सर्टची झीज, जास्त झालं की फेस आणि हाताला खाज. पाणी उडून जातं, तेल राहतं, त्यामुळे उन्हाळ्यात प्रमाण आपोआप चढतं. तेव्हा भर घालताना पातळ मिश्रण घाला, निव्वळ पाणी नको. सुट्टीनंतर टाकीला कुबट वास आला तर वर तरंगणारं मशीनचं तेल आधी काढा. त्या थराखाली हवा पोचत नाही आणि जंतू वाढतात.

टॉर्कपाना

मित्रांना पाठवलं. एक जण करवतीला तयार आहे, दुसरा तपासणीला. मी साध्या लेथचा कोर्स बघतोय. मायक्रोमीटर उसना मिळालाय, आजपासून रोज पंचवीस पिना.

पिचगेज

पिना मोजताना एक करा. आकडे एका कागदावर लिहा, दुसऱ्या दिवशी त्याच पिना न बघता परत मोजा आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. ०.०१ पेक्षा जास्त फरक पडतोय तोवर हात अजून बसलेला नाही. आणि उसना मायक्रोमीटर परत करताना टोकं मिटवून ठेवू नका, मध्ये फट ठेवा.